उणे ३२७६८ आणि इतर धडे

माझ्या पहिल्याच आलेखात अरबी समुद्र तासाला पंचवीस किलोमीटरहून जास्त वेगानं नैऋत्येकडे पळत होता. कागद घेऊन मी मोठ्या उत्साहात साहेबांकडे गेलो. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, कागद डोळ्यांजवळ नेऊन पाहिला आणि एवढंच विचारलं, "मग आपली बोट अजून बंदरात कशी रे? आफ्रिकेला लागायला हवी होती."

त्याला पंचवीस वर्षं होऊन गेली. तेव्हापासून एडीसीपीच्या नोंदी वाचणं हेच माझं काम. पूर्ण नाव अकूस्टिक डॉप्लर करंट प्रोफायलर. पाण्याखाली बसून आवाज सोडायचा, परत आलेला आवाज ऐकायचा आणि त्यावरून वेगवेगळ्या खोलीवरचा प्रवाह काढायचा, असं हे यंत्र. दुधाच्या मोठ्या किटलीएवढं, टोकाला चार गोल चकत्या. कधी लोखंडी चौकटीत बसवून तळावर ठेवतात, कधी नांगरलेल्या दोराला बांधतात. महिनोन्‌महिने ते पाण्यात राहतं. वर काढलं की केबल लावून फाईल उतरवायची. इथपर्यंतचं कष्टाचं काम खलाशी, पाणबुडे आणि यंत्रज्ञ करतात. मग ती फाईल माझ्यासारख्याच्या टेबलावर येते आणि चुकांना खरी सुरुवात होते.

या कामात नव्यानं आलेली मुलं-मुली मला पहिला प्रश्न विचारतात तो सॉफ्टवेअरचा. त्यांना जे सांगावंसं वाटतं ते एकदा लिहून काढतो आहे. क्रमांक सोयीपुरते आहेत.

१. उणे ३२७६८ हा वेग नाही

या जातीच्या पुष्कळ यंत्रांत वेग सेकंदाला इतके मिलिमीटर अशा पूर्णांकात साठवतात. ज्या नोंदीचा यंत्राला स्वतःलाच भरवसा वाटत नाही, तिथे ते उणे ३२७६८ लिहून मोकळं होतं. सोळा बिटांत मावणारा हा सगळ्यात लहान आकडा. 'इथे मला काही कळलं नाही' एवढाच त्याचा अर्थ. मी दर दहा मिनिटांच्या सहा नोंदींची तासाची सरासरी काढली होती. सहांतली एक जरी नोंद अशी असली तरी सरासरी सेकंदाला पाच मीटर दक्षिणेकडे आणि पाच मीटर पश्चिमेकडे ओढली जाते. माझी आफ्रिकेची वाट ती हीच.

ही चूक हास्यास्पद होती म्हणून सापडली. जी सापडत नाही ती वेगळी. दहा मिनिटांच्या हिशेबानं महिन्याच्या ४३२० नोंदी होतात. त्यांत अशा फक्त वीस बाद नोंदी राहून गेल्या आणि तुम्ही थेट महिन्याची सरासरी काढली, तर दोन्ही दिशांना सेकंदाला १५ सेंटिमीटरचा खोटा प्रवाह तयार होतो. आपल्या किनाऱ्यावर एवढा प्रवाह अगदी शोभून दिसतो. त्याला कुणी आफ्रिकेवरून टोमणा मारणार नाही. तो अहवालात जाईल, अहवालातून दुसऱ्या अहवालात जाईल. म्हणून फाईल उघडली की पहिलं काम हे आकडे शोधून रिकामे करायचं. शून्य घालायचं नाही, रिकामे करायचं. शून्य म्हणजे पाणी थांबलं होतं, आणि तसं यंत्रानं कुठेही म्हटलेलं नाही.

२. यंत्राला पाणी दिसत नाही

कुडाळ स्टेशनावर न थांबणारी गाडी भोंगा वाजवत गेली की येताना आवाज चढा आणि जाताना पडेल लागतो. क्रिस्तियान डॉप्लरनं १८४२ मध्ये प्राग इथे हे तत्त्व मांडलं. तीनच वर्षांनी बाइज बॅलट या डच शास्त्रज्ञानं आगगाडीवर तुताऱ्या वाजवणारे बसवून त्याची परीक्षा घेतली. आमच्या यंत्रात गाडीच्या जागी पाण्यातले बारीक जीव आणि गाळाचे कण असतात. यंत्र आवाजाचा ठोका सोडतं, आम्ही त्याला पिंग म्हणतो. तो कणांवर आपटून परत येतो आणि त्याच्या सुरात किती फरक पडला यावरून कणांचा वेग निघतो. कण पाण्याबरोबरच वाहतात, हे आपण गृहीत धरलेलं आहे. यंत्रानं तसं काही वचन दिलेलं नाही.

हा फरक किती बारीक असतो ते एकदा हातानं काढून पाहावं. ३०० किलोहर्ट्झच्या यंत्रासमोर एखादा कण सेकंदाला १ मीटर वेगानं सरळ आला, तर सुरात ४०० हर्ट्झचा फरक पडतो. पण पाणी वाहतं आडवं आणि आवाजाचा झोत उभ्या रेषेपासून २० अंश कललेला. त्यामुळे आडव्या वेगाचा जेमतेम तिसरा हिस्सा झोताच्या वाट्याला येतो आणि फरक उरतो १३७ हर्ट्झच्या आसपास. तीन लाखांत एकशे सदतीस. इतक्या नाजूक मोजमापावर आपण ठळक बाण काढतो, हे विसरू नये.

चार झोत समोरासमोरच्या जोड्यांत असतात. या रचनेला रोमन लोकांच्या दोन तोंडांच्या देवावरून जेनस म्हणतात. एक जोडी एका दिशेचा आडवा वेग देते, दुसरी जोडी काटकोनातल्या दिशेचा आणि दोन्ही जोड्या आपापला वर-खाली वेगही सांगतात. म्हणजे एकाच गोष्टीचे दोन साक्षीदार. दोघांच्या साक्षीतल्या फरकाला एरर व्हेलॉसिटी म्हणतात. नवखे लोक हा रकाना सोडून देतात. मी तो आधी उघडतो. यंत्रापासून शंभर मीटर वर गेल्यावर समोरासमोरचे दोन झोत एकमेकांपासून सत्तरेक मीटर लांब गेलेले असतात. तेवढ्या अंतरात पाणी सगळीकडे सारखंच वाहतंय असं आपण धरून चालतो. खाडीच्या मुखाशी, जिथे एका बाजूला भोवरा आणि दुसऱ्या बाजूला सरळ धार असते, तिथे हे धरून चालता येत नाही आणि तसं हा रकानाच सांगतो.

३. वेग बघण्याआधी यंत्राची तब्येत बघा

डॉक्टर आधी नाडी बघतो, मग पोट दाबतो. होकायंत्राची दिशा, दोन्ही बाजूंचा कल, दाब, तापमान, बॅटरीचा व्होल्टेज, हे पाच आलेख एकाखाली एक छापून भिंतीवर लावल्याशिवाय मी वेगाची फाईल उघडत नाही. हे शहाणपण फुकट आलेलं नाही.

सिंधुदुर्गच्या समोर तीसेक मीटर पाण्यात आम्ही मे महिन्यात एक चौकट ठेवली. पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरात काढली. जूनपासून पाणी दक्षिणेकडे जात होतं, जायला हवंही होतं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात एका रात्रीत प्रवाह वळला आणि पुढचे दोन महिने वेगळ्याच दिशेला गेला. मी या 'ऑगस्टमधल्या उलथापालथी'वर टिपण लिहायला घेतलं. पाऊस, नद्यांचं गोडं पाणी, वाऱ्यातला खंड, सगळं त्यात आलं. आठ पानं झाली. मग एका सहकारी बाईंनी सहज विचारलं, "कल किती होता हो तेव्हा?"

कलमापक दोन-तीन अंशांवर शांत बसलेला होता. त्या रात्री दोन वाजता तो एका उडीत त्याच्या टोकाला जाऊन चिकटला होता. अशा यंत्रांतले पुष्कळ कलमापक १५ अंशांपर्यंतच खात्रीचे असतात. त्यापुढे यंत्र किती आडवं झालं हे त्यालाही कळत नाही. दाब त्याच वेळी दीड मीटरनं कमी झालेला. म्हणजे चौकट उथळ पाण्याकडे ओढली गेली होती. पश्चिम किनाऱ्यावरची ६१ दिवसांची मासेमारी बंदी ३१ जुलैला संपते. बंदी उठल्यावर पहिल्याच आठवड्यात एखाद्या ट्रॉलरचं जाळं आमच्या चौकटीत अडकलं असणार. त्याचा दोष नव्हता, समुद्र त्याचाही होता. दोष माझा. आडवं पडलेलं यंत्र अत्यंत देखणे बाण काढतं. ते टिपण मी अजून जपून ठेवलं आहे.

दोरावर टांगलेल्या यंत्राची गोष्ट आणखी निराळी. प्रवाह जोराचा झाला की अख्खा दोरच झुकतो, यंत्र खाली जातं आणि दाब वाढतो. म्हणजे नेमक्या जोराच्या प्रवाहाच्या वेळी तुमचा 'वीस मीटर खोली'चा रकाना वीस मीटरचा राहिलेला नसतो. दाब घेऊन प्रत्येक नोंदीची खोली नव्यानं मांडावी लागते. शिवाय फाईलची सुरुवात आणि शेवट छाटायला विसरू नका. यंत्र बोटीच्या डेकवर पडलेलं असतानाही ते इमानानं 'प्रवाह' नोंदवत असतं.

४. घड्याळ कुठल्या देशाचं?

कर्ली खाडीच्या मुखाशी, देवबागजवळ, चार-पाच मीटर पाण्यात एक छोटं यंत्र ठेवलं होतं. जेट्टीवर पाण्याची पातळी मोजणारं दुसरं उपकरण होतं. दोन्हींच्या नोंदी एका कागदावर छापल्या, तर चित्र असं दिसलं की पातळी उतरते आहे आणि पाणी मात्र खाडीत आत शिरतंय. मी भरती-ओहोटीच्या लाटेवर, खाडीच्या लांबीवर, तळाच्या घर्षणावर दोन पानं लिहिली. सिद्धान्त सुरेख जमला होता.

आमचं सामान नेणारे तांडेल तो कागद बघत उभे होते. वाचता येण्याजोगं त्यावर फारसं नव्हतं, पण वेळ आणि बाण त्यांना कळले. म्हणाले, "सायबानू, त्या येळाक तर सुकती होती." सुकती म्हणजे ओहोटी.

यंत्राचं घड्याळ ग्रिनिचच्या वेळेवर लावलेलं होतं आणि जेट्टीवरचं भारतीय वेळेवर. फरक साडेपाच तासांचा. आपल्याकडे भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत साधारण १२ तास २५ मिनिटं जातात. म्हणजे भरतीपासून ओहोटी सव्वासहा तासांवर. साडेपाच तासांची चूक झाली की भरतीची जवळजवळ ओहोटी होते आणि वर ती थोडी 'उशिरा' आलेलीही दिसते. मी त्या उशिराचंच शास्त्र लिहीत बसलो होतो! दुसऱ्या एखाद्या देशात, जिथे फरक तासा-दोन तासांचा आहे, ही चूक इतकी बेमालूम वेश बदलून आली नसती.

तेव्हापासून माझ्याकडे एक दोनशे पानी वही असते. यंत्र पाण्यात सोडताना त्याचं घड्याळ काय सांगत होतं, माझं काय, आणि कुठली वेळ, हे पेनानं लिहायचं. वर काढल्यावर पुन्हा लिहायचं. वर्षभरात घड्याळ काही मिनिटं सरकतं, ते या दोन ओळींवरूनच कळतं. आणि यंत्रात दाबमापक असेल तर भरती-ओहोटी त्याच्याच आलेखात दिसते. ती छापील तक्त्याशी ताडून बघायला पाच मिनिटं लागतात. ती पाच मिनिटं मी वाचवली होती.

५. वारा कुठून, प्रवाह कुठे

वाऱ्याची दिशा तो कुठून येतो त्यावरून सांगतात आणि प्रवाहाची तो कुठे जातो त्यावरून. त्यामुळे उत्तरेचा वारा आणि दक्षिणेचा प्रवाह एकाच दिशेला चाललेले असतात. हे सगळ्यांना माहीत असतं आणि एकाच कागदावर दोघांचे बाण काढताना निम्मे लोक चुकतात.

दिशेच्या अंशांची सरासरी काढू नका. ३५० अंश आणि १० अंश, दोन्ही जवळजवळ उत्तरच. त्यांची सरासरी येते १८०, म्हणजे ठार दक्षिण. पूर्वेकडचा आणि उत्तरेकडचा वेग वेगवेगळा घ्यायचा, त्यांची सरासरी काढायची, मग दिशा.

बॅटरी बदलल्यावर होकायंत्र पुन्हा जुळवावं लागतं. बॅटरीचंही चुंबकीय क्षेत्र असतं, लोखंडी चौकटीचं तर असतंच. कार्यालयाच्या टेबलावर जुळवलेलं होकायंत्र चौकटीत बसवल्यावर खरं बोलेलच असं नाही.

६. वरचे सहा टक्के सोडून द्या

तळावरून वर बघणाऱ्या यंत्राच्या फाईलमध्ये सगळ्यात आकर्षक भाग असतो तो पृष्ठभागाजवळचा. वेग मोठे, रंग गडद, वाऱ्याशी नातं सांगणारे. आणि नेमका तोच भाग टाकून द्यायचा असतो.

कारण असं. आवाजाचा झोत टॉर्चच्या झोतासारखा असतो, कडेनंही थोडा प्रकाश सांडतो. समजा पृष्ठभाग शंभर मीटर वर आहे. कडेनं सांडलेला आवाज सरळ उभा वर जातो आणि पृष्ठभागावर आपटून परततो. तेवढ्याच वेळात मुख्य झोत २० अंश तिरका जाऊन ९४ मीटर उंचीवर पोचलेला असतो. दोन्ही आवाज यंत्राकडे एकदमच येतात. प्लवकांचा प्रतिध्वनी म्हणजे कुजबुज आणि पृष्ठभागाचा म्हणजे ढोल. यंत्राला ढोल ऐकू येतो. म्हणून २० अंशांच्या यंत्रात खोलीच्या सहा टक्के आणि २५ अंशांच्या यंत्रात नऊ टक्क्यांहून थोडा जास्त भाग गेला असं समजायचं, वर आणखी एक थर सुरक्षिततेसाठी. भरती-ओहोटीनं पातळी बदलते, तेव्हा ही सीमाही प्रत्येक नोंदीला वेगळी धरावी लागते.

अडचण अशी की पैसे देणाऱ्याला नेमका पृष्ठभागावरचा प्रवाह हवा असतो. एका प्रकल्पात 'शून्य मीटरचा रकाना तेवढा भरून द्या' असा निरोप आला होता. मी तुटक रेषेनं अंदाज काढून दिला आणि शेजारी 'हे मोजलेलं नाही' असं लिहिलं. अंतिम अहवालात ती रेषा सलग झाली आणि शेजारची ओळ गेली. माझी सही असलेली प्रत मी ठेवून घेतली.

यंत्राच्या अगदी जवळचा थरही असाच. देवळातली घंटा वाजवल्यावर ती थोडा वेळ घुमत राहते, तशा त्या चकत्या घुमतात. तेवढा वेळ ऐकण्यात अर्थ नसतो.

७. संध्याकाळी वर येणारे

माझा सगळ्यात आवडता धडा हा, म्हणून जरा लांबवतो.

प्रतिध्वनीची ताकद वेळ आणि खोलीप्रमाणे रंगवून पाहिली की खोल पाण्यात रोज एकच नक्षी दिसते. सूर्य मावळला की खालचा गडद पट्टा उचलला जातो, रात्रभर वर पसरतो आणि पहाटे झपाट्यानं खाली जातो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. हे प्राणीप्लवक आणि त्यांच्यामागे असणारे छोटे मासे. उजेडात शिकाऱ्याच्या नजरेस पडू नये म्हणून दिवसा खोल काळोखात राहायचं आणि रात्री वर येऊन चरायचं, असा त्यांचा दिनक्रम. दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्या शोधणाऱ्या सोनारवाल्यांना हाच थर खोटा तळ म्हणून दिसत असे.

आता यंत्राच्या बाजूनं पाहा. कण पाण्याबरोबर वाहतात असं त्याला सांगितलेलं आहे. संध्याकाळी कण स्वतःच पोहून वर निघाले, तर यंत्र नोंद करतं की पाणी वर चाललंय, सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर. तेवढ्या वेगानं हे जीव तासाभरात शंभर मीटर चढतात. मी तरुण असताना एका चर्चासत्रात हा वर जाणारा वेग दाखवून 'खालचं थंड पाणी वर येतंय' असं ठोकून दिलं होतं. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यावर खालचं पाणी खरंच वर येतं, पण त्याचा वेग दिवसाला एखादा मीटर, अशा पातळीचा. सेकंदाच्या हिशेबात सेंटिमीटरचा साधारण हजारावा भाग. इतकं हळू चालणं या यंत्राला दिसणं शक्यच नाही. समोर बसलेल्या एका ज्येष्ठ बाईंनी शांतपणे विचारलं, "तुमचं पाणी बरोबर सूर्यास्तालाच का वर येतं?"

कितीही पिंग घेऊन सरासरी काढली तरी ही चूक जात नाही, हे लक्षात घ्यावं. एका पिंगमागचा गोंधळ काही सेंटिमीटरचा असतो. पन्नास पिंगांची सरासरी घेतली की तो सातपटींनी खाली येतो. पण सगळे जीव एकाच दिशेनं पोहत असतील तर सरासरी त्यांचंच पोहणं अधिक स्वच्छ करून दाखवते. माशांच्या थव्याचंही तसंच. एखाद्याच झोतात प्रतिध्वनी अचानक उसळला तर तिथे मासा आहे असं समजून तो झोत तेवढ्यापुरता वगळावा. दिवस आणि रात्र यांचे आलेख वेगळे काढणं हा माझा नेहमीचा उपाय.

एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. जी नक्षी मी वर्षानुवर्षं 'त्रुटी' म्हणून पुसत होतो, तिच्यावरच जीवशास्त्राचे लोक शोधनिबंध लिहितात.

८. हळूहळू बहिरं होणारं यंत्र

आपल्या उबदार पाण्यात कुठलीही वस्तू काही आठवडे ठेवली की तिच्यावर आधी चिकट थर येतो, मग शेवाळ, मग बार्नॅकल आणि कालवं. चकत्यांवर हे बसलं की आवाज आत-बाहेर जायला अडतो. चारही झोतांची ताकद एकमेकांशेजारी छापली तर एखादी रेघ पाचव्या आठवड्यापासून घसरताना दिसते. तीन झोतांवरही वेग काढता येतो, पण मग दुसरा साक्षीदार गेलेला असतो आणि एरर व्हेलॉसिटीचा रकाना मुका होतो.

पावसाळ्यात खाडीत याच्या उलट फसगत होते. गढूळ पाण्यात जवळचा प्रतिध्वनी वाढतो आणि लांबचा आवाज गाळच खाऊन टाकतो. प्रतिध्वनी वाढला म्हणजे प्लवक वाढले, असं लिहिण्याआधी नदीचा रंग आठवा. त्याच नदीमुळे क्षारतेचाही घोळ होतो. यंत्राला क्षारता ३५ सांगून ठेवलेली असते आणि जुलैमध्ये खाडीचं पाणी जवळजवळ गोडं असतं. आवाजाचा वेग त्यानं दोन टक्क्यांच्या वर बदलतो आणि तेवढीच टक्केवारी प्रवाहाच्या वेगात शिरते. फार नाही, पण फुकट दुरुस्त करता येणारी चूक ठेवायची कशाला?

९. वाऱ्याच्या विरुद्ध जाणारा प्रवाह खोटा नसतो

डिसेंबरातली एक फाईल. खंडीय उताराजवळचं नांगरलेलं यंत्र. वारा उत्तरेकडून, हलका. प्रवाह मात्र उत्तरेकडे, आठवडेच्या आठवडे. ऑगस्टच्या प्रकरणानं मी पोळलेला होतो, त्यामुळे यावेळी सरळ यंत्रावरच संशय घेतला. यंत्र वर तोंड करून होतं की खाली, ही खूण उलटी पडली असेल. होकायंत्र १८० अंशांनी फिरलं असेल. दोन दिवस यंत्राचा दोष शोधला. सापडेना. तिसऱ्या दिवशी सगळे बाण १८० अंशांनी फिरवून टाकण्याची आज्ञा टंकून ठेवली होती, फक्त एंटर दाबायचं बाकी होतं. चहाला गेलो म्हणून वाचलो.

चहाच्या टेबलावर कळलं ते असं. भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगतचा प्रवाह पावसाळ्यात दक्षिणेकडे जातो आणि साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उत्तरेकडे, तोही स्थानिक वाऱ्याच्या विरुद्ध. त्याची सूत्रं इथल्या वाऱ्याच्या हातात नसतात. बंगालच्या उपसागरातल्या वाऱ्यांनी उठलेल्या केल्विन लहरी पूर्व किनाऱ्यानं दक्षिणेकडे येतात, श्रीलंकेला वळसा घालतात आणि मग आपल्या किनाऱ्यानं उत्तरेकडे चढतात. उत्तर गोलार्धात या लहरी किनारा उजव्या हाताला ठेवूनच चालतात. त्याच काळात उपसागरातलं कमी खारं पाणीही अरबी समुद्राकडे येतं. म्हणजे मालवणच्या समोर मोजलेल्या प्रवाहाचं कारण तिकडे पूर्वेला, हजार-दोन हजार किलोमीटरवर. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनं दोन्ही किनाऱ्यांलगत नांगरलेल्या याच जातीच्या यंत्रांतून हे चित्र अधिक स्पष्ट होत गेलं आहे.

मी एंटर दाबलं असतं तर त्या वर्षीचा हिवाळा कायमचा उलटा झाला असता.

१०. भरती-ओहोटी वेगळी काढा, पण पुरेशा नोंदी असतील तरच

आमचा किनारा सरळ उत्तर-दक्षिण नाही, वायव्येकडे झुकलेला आहे. आधी अक्ष किनाऱ्याच्या दिशेनं फिरवून घ्यावेत, म्हणजे किनाऱ्याला समांतर किती आणि आडवा किती हे सुटं होतं. मग भरती-ओहोटी. चंद्राची १२ तास २५ मिनिटांची आणि सूर्याची १२ तासांची, या दोन एकमेकींच्या जवळच्या तालांमुळे उधाण आणि भांग होतात. त्यांना वेगळं ओळखायला निदान पंधरा दिवसांच्या नोंदी लागतात. आठवड्याच्या फाईलवरून कुणी तसे आकडे देत असेल तर ते आकडे सॉफ्टवेअरचे आहेत, समुद्राचे नाहीत. दिवसातून दोनदाच, दर बारा तासांनी मोजलेल्या नोंदी दिल्या गेल्या तर भरती-ओहोटीच पंधरा दिवसांचा संथ प्रवाह होऊन समोर येते. तसाही एक अहवाल मी पाहिला आहे.

भरती-ओहोटी काढल्यावर गोव्याच्या अक्षांशावर ४५ तासांच्या आसपासचं गोल फिरणं राहिलेलं दिसलं तर घाबरू नका. वाऱ्याचा झटका बसल्यावर पृथ्वीच्या फिरण्यामुळे पाणी तसं घुमतं. मुंबईसमोर तो काळ ३७ तासांच्या जवळ येतो. हा आकडा अक्षांशावरून आधीच काढता येतो, त्यामुळे तो फाईलमध्ये दिसला की ओळखता येतो.

११. 'पर्सेंट गुड'चे चार रकाने

शंभरातल्या किती नोंदींचं काय झालं हे सांगणारे हे रकाने. चारही वेगळे आहेत. वेग पृथ्वीच्या दिशांत साठवला असेल तर पहिला रकाना तीन झोतांवर निभावलेल्या नोंदींचा, दुसरा साक्षी न जुळल्यामुळे बाद केलेल्यांचा, तिसरा एकाहून जास्त झोत बिघडलेल्यांचा आणि चौथा चारही झोत चांगले असलेल्यांचा. पहिला आणि चौथा मिळवून पाहायचं. चारही रकान्यांची सरासरी काढणारा एक हुशार मुलगा मला भेटला होता. त्याची सरासरी सगळीकडे २५ येत होती आणि यंत्र किती स्थिर आहे म्हणून तो खूश होता.

१२. मूळ फाईलला हात लावू नका

मूळ फाईल दोन जागी ठेवायची, तिच्यावर काम करायचं नाही. काय छाटलं, का छाटलं, कुठल्या तारखेला, हे शेजारच्या साध्या मजकुराच्या फाईलमध्ये मराठीत लिहिलं तरी चालेल. शक्य असेल तिथे वेग झोतांच्याच दिशेत साठवून घ्या. पूर्व-उत्तर नंतर केव्हाही काढता येतं, उलट वाट नेहमी मिळत नाही. मी पुसलेली संध्याकाळची नक्षी पुढे एका विद्यार्थिनीला हवी होती. मूळ फाईल शाबूत होती म्हणून तिचं काम झालं.

शेवटची विनंती वाचकांपैकी जे समुद्रावर जातात त्यांना. जाळ्यात कधी चार गोल डोळ्यांचं असं जड नळकांडं आलं, तर ते फोडू नका. आत विकण्यासारखं काही नाही, बॅटऱ्यांचा गठ्ठा आणि एक छोटं कार्ड आहे. पाणी शिरलेलं असेल तर आत दाब साठलेला असतो आणि झाकण उडून इजा होऊ शकते. वरच्या पट्टीवर फोन नंबर असतो, त्यावर फोन करा. वर काढलं ती वेळ आणि जागा मात्र तेवढी लिहून ठेवा, आणि घड्याळ भारतीय होतं असंही लिहा.